दिवाळसणाचं सिंथेटिक

पहिल्या दिवाळीला जावयाने सासुरवाडीला यायचं, चार दिवस पाहुणचार घ्यायचा आणि जाताना काहीतरी घेऊन जायचं, ही पद्धत मोहाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भोजराज निंबार्ते यांचे जावई मंगेशराव मात्र नागपूरचे आणि पुढारलेल्या विचारांचे. ते आले तेच सासऱ्यासाठी भेट घेऊन. भेट चार लिटरची होती. चकचकीत सोनेरी डबा, त्यावर सुसाट पळणाऱ्या गाडीचं चित्र, आणि डब्याच्या कमरेला लाल फीत.

"बाबा, फुल्ली सिंथेटिक आहे," मंगेशराव म्हणाले. काशीहून गंगाजल आणणारा माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.

भोजराजजी एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी लाल फिती पुष्कळ बांधल्या, त्यातल्या काही पुढे सुटल्यासुद्धा. पण आपल्यासाठी बांधलेली लाल फीत सोडायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. त्यांनी ती सोडली नाही. सवय.

निवृत्तीनंतर त्यांनी तुमसरच्या एका डॉक्टरांची वापरलेली पेट्रोल गाडी घेतली होती. रोज सकाळी उठून ते आधी गाडी पुसत आणि मग देव. देवांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, भोजराजजींच्या बायकोने, लीलाबाईंनी, रोज केली. गाडीत डॉक्टरांच्या काळापासून साधं ऑइल पडत आलं होतं, आणि भोजराजजींनी तेच चालू ठेवलं होतं. चालू असलेल्या कामात हात घालायचा नाही, हे तत्त्व त्यांनी नोकरीभर पाळलं होतं. बंद पडलेल्या कामातही त्यांनी तो फारसा घातला नव्हता.

चिवड्याची ताटली पुढे आली आणि मंगेशरावांचं व्याख्यान सुरू झालं. नागपुरात ते विमा विकणाऱ्या एका कचेरीत होते. समोरच्याला नको असलेली गोष्ट त्याच्याच फायद्याची कशी, हे सांगायचा त्यांचा हात बसलेला होता.

"आता पाहा बाबा, साधं ऑइल म्हणजे कसं, न निवडलेला तांदूळ. अख्खा दाणा, कणी, कोंडा, सगळं एकत्र. सिंथेटिकमध्ये प्रत्येक कण सारखा. एकदम निवडलेला. म्हणून घर्षण कमी."

"कणीची पेज चांगली होते," भोजराजजी म्हणाले.

"तसं नाही ना बाबा. थंडीत सकाळी गाडी चालू केली, की साधं ऑइल इंजिनात वर चढायलाच वेळ लावते. हे लगेच चढते. उन्हाळ्यात पातळ पडत नाही. आणि दहा हजार किलोमीटर तिकडे पाहायची गरज नाही."

"आन् साध्याचं?"

"पाच हजार. नाहीतर सहा महिने."

मग मंगेशराव प्रात्यक्षिक दाखवायला अंगणात गेले. बॉनेटचा खटका शोधताना त्यांनी आधी डिक्की उघडली, नंतर पेट्रोलचं झाकण. शेवटी भोजराजजींनीच खिडकीतून हात घालून खटका ओढला. मंगेशरावांनी बॉनेटखाली एक गंभीर नजर टाकली, आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहून टाकतात तशी, आणि म्हणाले, "हं. बदलायलाच पाहिजे."

भोजराजजींच्या अगदी ओठावर आलं होतं, की जवाईबापू, हा डब्बा तुमी तुमच्या गाडीत ओता, माझ्या इंजिनाचं मी पाहून घेईन. पण पहिली दिवाळी. दारात मुलगी डिंपल उभी, नवऱ्याकडे एकदा आणि बापाकडे एकदा पाहत. ती बँकेत नोकरीला होती, आणि समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही हे तिला चेहऱ्यावरून कळायचं, असा तिचा लौकिक होता. भोजराजजींनी चेहरा सरळ केला.

"लय मस्त केलं जी तुमी," ते म्हणाले. "उद्याच टाकतो."

भाऊबीज आटोपून लेक-जावई नागपूरला गेले, आणि भोजराजजी खरोखरच गाडी घेऊन तुमसर रोडवरच्या धर्मेंद्रच्या गॅरेजात गेले. धर्मेंद्रचं ऑइलविषयीचं मत ठाम होतं. जे फळीवर असेल ते उत्तम. त्या दिवशी फळीवर साधं होतं.

"सिंथेटिक म्हणजे शहरातले चोचले हायत काका," तो म्हणाला. "आपल्या गाडीले साधंच मानवते."

शास्त्राचा असा पाठिंबा मिळाल्यावर भोजराजजींनी साधं ऑइल टाकून घेतलं आणि सोनेरी डबा घरी आणून धान साठवायच्या ढोलीमागे सरकवून ठेवला. लीलाबाईंनी तो सरकवताना पाहिला.

"सांगून काहून नाई देत त्यायले, का मले नाई पाह्यजे म्हून?"

"जवाई हाय तो. पहिली दिवाळी हाय."

"मंग टाका त्याचंच."

"इंजिन माझं हाय."

"मंग सांगा."

"जवाई हाय ना तो!"

लीलाबाई धान पाखडायला निघून गेल्या. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत असल्या गोल रस्त्यावर त्या नवऱ्याबरोबर पुष्कळ चालल्या होत्या, आणि तो कुठेच पोचत नाही हे त्यांना माहीत होतं.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. घराघरांत ढोलीमागे पुष्कळ भेटी पडलेल्या असतात आणि नाती उत्तम चालतात. पण काही दिवसांनी, शेतात धान चुरायचं मळणी यंत्र धडधडत असताना, मंगेशरावांचा फोन आला.

"बाबा, टाकलं ना? फरक वाटला का?"

इथे "हो" म्हणून फोन ठेवता आला असता. पण भोजराजजींनी आयुष्यभर दाखले लिहिले होते, आणि दाखला म्हटला की तो पूर्ण लिहायचा असतो.

"फरक? जमीन-आसमानचा फरक हाय जी! गाडी चालू हाय का बंद हाय, चावी पाह्यल्याशिवाय समजत नाई. ॲव्हरेज वाढलं. आन् चढावर तं काही इच्यारूच नका, अशी जाते का जशी कोनी मागून ढकलून राह्यलं."

मोहाडी ते भंडारा रस्त्यावर चढ म्हणावा असा चढ नाही, हे बोलणाऱ्याच्याही लक्षात आलं नाही आणि ऐकणाऱ्याच्याही. ऐकणारा तर फोन रेकॉर्ड करत होता.

संध्याकाळपर्यंत तो आवाज नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. 'साठीच्या माणसाला पटतं, तुम्हाला केव्हा पटणार?' असं वर मंगेशरावांनी लिहिलं होतं. खाली अंगठे उमटले, हात जोडले गेले. आपला आवाज इतका ठाम येतो हे भोजराजजींना पहिल्यांदा कळलं. त्यांनी ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, आणि खोटं कशाला बोला, तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनाही ते थोडं पटलं.

ज्यांना ते पहिल्याच वेळी पटलं, त्यांत लीलाबाईंचा धाकटा भाऊ भैयाजी होता. तो पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा. घरची धानाची शेती, आणि वडिलांच्या वेळची एक जीप, जिला गावात सगळे मान देत, विशेषतः समोरून येताना. मोहाडीच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, तो आला आणि बहिणीकडे जेवायला बसला.

"भाऊजी, तुमचं आयकलं मी मोबाइलवर. जीपमधी टाकू का मंग ते सिंथेटिक? कोठी भेटते?"

भोजराजजींना एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या. एक, आपल्या शब्दाला असलेली किंमत. दोन, ढोलीमागची ती अडगळ.

"भेटायचं कायले? माह्याजवळ एक डब्बा जास्तीचा हाय. तू घेऊन जा."

डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिलेलं होतं. कोणत्या इंजिनाला चालतं, किती जाड, किती पातळ. देणाऱ्याने ते वाचलं नाही, कारण तो देत होता. घेणाऱ्याने वाचलं नाही, कारण ते फुकट होतं. लाल फितीसकट डबा कोंढ्याला गेला. लीलाबाई भावाला दारापर्यंत पोचवायला गेल्या, आणि परत येऊन नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.  भोजराजजींना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

थंडी ओसरायच्या सुमारास भैयाजीचा फोन आला.

"भाऊजी, जीप जिथी उभी करतो तिथी खाली रांगोळी काढून ठेवते. ऑइल गळून राह्यलं."

"गळून नाई राह्यलं, साफ होऊन राह्यलं," भोजराजजी म्हणाले. "जुना मळ हाय तो. सिंथेटिक इंजिन धुऊन काढते."

"एवढा मळ?"

"तुह्या बाबाच्या वेळची जीप हाय ना?"

भैयाजीला ते पटलं. भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, मोठा, शिकलेला, सरकारी नोकरीतून बाहेर पडलेला. तो चुकीचं कशाला सांगेल? भैयाजीने जीपखाली एक घमेलं ठेवायला सुरुवात केली.

इकडे भोजराजजींची खरी अडचण उन्हाळ्यात सुरू झाली. सहा महिने झाले. गाडी भंडाऱ्याला, नागपूरला, शेतावर भरपूर फिरली होती. साधं ऑइल बदलायची वेळ आली, नव्हे, टळली. पण जगाच्या दृष्टीने गाडीत सिंथेटिक होतं, आणि सिंथेटिकला अजून पुष्कळ आयुष्य होतं. मंगेशराव दर महिन्याला फोनवर किलोमीटर विचारत आणि खूश होत. "आता कुठे निम्मं झालं बाबा! पाहा, किती फायदा!"

शेवटी एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, भोजराजजींनी गाडी धर्मेंद्रच्या गॅरेजात घातली.

"धर्मेंद्र, चुपचाप साधं टाकून दे."

धर्मेंद्रने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांनी काही भलतंच मागितलं. मग भोजराजजींनी फळीकडे पाहिलं. फळी सोनेरी झाली होती. गॅरेजवर सिंथेटिकचा नवा फलकही लागला होता.

"साधं कोन टाकते आता, काका?"

"अबे, तूच म्हणत होता ना, शहरातले चोचले!"

"तवाची गोष्ट तवा," धर्मेंद्र शांतपणे म्हणाला. "तुमचं ते रेकॉर्डिंग फिरत-फिरत माह्या मोबाइलवर आलं, ते मी गिऱ्हाइकायले आयकवतो ना. तुमच्या नावावर लय माल गेला जी. आता तुमच्याच गाडीत साधं टाकताना कोनं पाह्यलं, तं माह्या धंद्याचं काय?"

"पण तुले मालूम हाय ना, माह्या गाडीत तू काय टाकलं ते?"

"मालूम हाय. म्हून तं कोनाले सांगत नाई."

एवढ्या प्रामाणिक माणसापुढे काय बोलणार? सिंथेटिकच टाकून घेऊन मोकळं व्हावं, हा विचार भोजराजजींच्या मनात आला नाही असं नाही. पण मग जावई बरोबर ठरला असता. कोणाला कळलं नसतं, तरी त्यांना स्वतःला कळलं असतं. गाडी तशीच परत आली. कोंढ्याचं बारसं आटोपलं की भंडाऱ्याला जाऊन, जिथे आपला आवाज कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, साधं टाकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

बारसं भैयाजीच्या नातीचं होतं. डिंपल आणि मंगेशराव आदल्या दिवशीच मोहाडीला आले. सकाळी निघताना मंगेशराव आपल्या गाडीकडे गेलेच नाहीत.

"आमची राहू द्या इथेच. बाबांच्या गाडीतनं जाऊ सगळे. मी चालवतो. सिंथेटिकवर कशी चालून राहिली ते पाहतो जरा."

भंडारा ओलांडून गाडी पवनीच्या रस्त्याला लागली. मे महिन्याचं ऊन काचेवर तापत होतं. मंगेशरावांनी एसी बंद केला, काचा वर घेतल्या आणि बोट वर करून म्हणाले, "ऐका. काही ऐकू येते का?"

शेजारी बसलेल्या भोजराजजींना स्पष्ट ऐकू येत होतं. रिकाम्या डब्यात गोटे घालून कोणी हलवावा तसा आवाज इंजिनातून निघत होता.

"काहीच नाई जी."

"हेच! हेच म्हणतो मी. एकदम मख्खन."

"मले तं येऊन राह्यला आवाज," मागून लीलाबाई म्हणाल्या.

"तो रस्त्याचा असेल, आई," मंगेशराव म्हणाले.

"हो, रस्त्याचाच," भोजराजजी घाईने म्हणाले. डिंपल मागच्या सीटवरून आरशात बापाचा चेहरा पाहत होती. भोजराजजींनी आरसा नीट केल्यासारखं करून तो दुसरीकडे वळवला. गाडी चालवणाऱ्याला मागचं काही दिसेनासं झालं, पण मंगेशरावांनी तेही मनावर घेतलं नाही. ते इंजिनाचा आवाज न ऐकण्यात गुंग होते.

कोंढ्यात मांडव पडला होता. बाळाचं नाव ठेवून झालं, बायकांची गाणी झाली, पंगत बसली. भैयाजीने जावयाला मानाने पहिल्या पानावर बसवलं, शेजारी भोजराजजींना, आणि स्वतः वाढायला उभा राहिला. भाजीचा डाव हातात, आणि मनात जीप.

"मंगेशराव, एक गोष्ट इच्यारू का? रागावू नका. ते तुमचं सिंथेटिक काही आमच्या जीपले सोसलं नाई. हिवाळ्यापासून गळून राह्यली."

मंगेशरावांचा घास थांबला. "शक्यच नाही. तुम्हाला डुप्लिकेट माल दिला कोणीतरी. कोणत्या दुकानातून घेतला? नाव सांगा फक्त. मी सोडत नाही त्याला. कंपनीला मेल टाकतो, ग्राहक मंचात जातो."

"दुकान कायचं जी? भाऊजीनंच देला होता ना डब्बा."

"बाबांनी?"

"हो ना. त्यायच्याजवळ एक जास्तीचा होता. सोनेरी. लाल फीत बांधलेला. लय मस्त दिसत होता. आमच्या घरवालीनं ती फीत बाळाच्या पाळण्याले बांधली ना, तिथी."

सगळ्यांनी पाळण्याकडे पाहिलं. फीत होती. पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती. मंगेशरावांनी फितीकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि सासऱ्याने वरणात इतकं लक्ष घातलं की जसं काही त्या वरणाचा निकाल आजच लावायचा होता.

"बाबा," मंगेशराव हळूच म्हणाले, "मग आपल्या गाडीत काय आहे?"

"थोडं वरण घ्या जी," भोजराजजी म्हणाले.

जावयाच्या रुसव्याचे काही नियम असतात. रुसायचं तर घरात, पलंगावर, पंख्याखाली, म्हणजे मनधरणी करणाऱ्यांचीही सोय होते. मंगेशरावांना सासुरवाडीचा अनुभव कमी. ते पानावरून उठले, हात धुतले आणि थेट उन्हात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसले. मांडवात कुजबुज पसरली. बाईमाणसांनी भांडण हुंड्याचं आहे इथपर्यंत मजल मारली. ऑइलचं आहे म्हटल्यावर त्यांची निराशा झाली, आणि मग कोणतं ऑइल, खाण्याचं की डोक्याला लावायचं, यावर वाद सुरू झाला.

लीलाबाईंनी नवऱ्याला कोपरखळी मारली. "जा आता. उठवा त्यायले."

भोजराजजी जाऊन शेजारच्या सीटवर बसले. गाडी भट्टीसारखी तापली होती. दोघेही घामाघूम झाले.

"चला जी. जेवण थंड होऊन राह्यलं."

"मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं ते रेकॉर्डिंग, बाबा. माझे सासरे सांगतात म्हणून चार जणांनी आपल्या गाड्यांत टाकलं."

"त्यायच्या गाड्या बिघडल्या का?"

"नाही. चांगल्या चालून राहिल्या."

"मंग मी खोटं काय बोललो?"

मंगेशरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि भोजराजजींना स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली. ती त्यांना क्वचितच वाटत असे, त्यामुळे ओळखायला थोडा वेळ लागला.

"नाही म्हणायचं होतं ना सरळ," मंगेशराव म्हणाले. "मला काय राग आला असता?"

"तुमी नाई म्हणू देता कोठी? तुमी इच्यारतच नाई जी कोनाले. तुमी सांगता. आन् मी..." भोजराजजी थांबले. "मले वाटलं, जवाई पहिल्यांदा काही घेऊन आला. त्याले नाई म्हटलं, तं लेकीले आयकून घ्या लागंल."

"मी ऐकवलं असतं डिंपलला?"

"मले काय मालूम? तवा तुमची ओळख कितीक होती?"

मंगेशराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिले. समोर भैयाजीची जीप, जीपखाली घमेलं.

"माझ्या वडिलांकडे गाडी नव्हती," ते म्हणाले. "सायकल होती. मला नोकरी लागायच्या आधीच गेले ते. त्यांच्यासाठी काही आणायचं राहूनच गेलं. तुमची गाडी पाहिली आणि वाटलं, चला, इथे तरी काहीतरी चांगलं आणू. डबा नव्हता पाहिजे तर नव्हता पाहिजे. पण तुम्ही महिन्या-महिन्याला खोटे किलोमीटर सांगत होते, आणि मी खूश होत होतो."

"किलोमीटर खरेच होते जी," भोजराजजी पुटपुटले.  मग त्यांनी विचारलं, "सायकलले कोणतं ऑइल टाकत होते?"

"खोबरेल."

"खोबरेल?"

"तेच डोक्याला, तेच सायकलला. म्हणायचे, दोन्ही चालून राहिले ना, मग?"

भोजराजजींना आधी हसावं की नाही ते कळेना. मग मंगेशरावच हसले, आणि सासऱ्याचीही सोय झाली. "मानूस बराबर होता," ते म्हणाले. "भेटायले पाह्यजे होता."

तेवढ्यात बॉनेटवर थाप पडली. डिंपल उभी होती. "खटका ओढा," ती म्हणाली. दोघांनी एकदम हात खाली घातले. या वेळी डिक्की उघडली नाही, एवढी प्रगती झाली होती. डिंपलने ऑइल मोजायची दांडी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि दोघांच्या नाकापुढे धरली. ऑइल खालच्या खुणेला टेकलं होतं आणि डांबरासारखं काळं होतं.

"हे ना साधं राह्यलं, ना सिंथेटिक. याच्यात आता नुसता तुमचा हट्ट हाय."

"सिंथेटिक असतं ना, तर..." मंगेशराव सुरू झाले.

"तुमी तं बोलूच नका," डिंपल म्हणाली. "आपल्या गाडीत काय पडते ते मालूम हाय का तुमाले? दर वेळी सर्व्हिसिंगले मी नेते. तुमाले तवाच मीटिंग असते."

मंगेशरावांनी विचार करून पाहिला. आपल्या गाडीत काय पडतं ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. भोजराजजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"आन् बाबा, तुमी हसू नका. मामाच्या जीपचं काय केलं पाह्यलं ना? त्या जुन्या इंजिनाले जाड ऑइल लागते, आन् तुमी देलं पातळ. जुने सील ऑइल सोडणारच."

तिने समोरचा कप्पा उघडून गाडीचं पुस्तक काढलं. डॉक्टरांच्या काळापासून ते प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. पिशवी फाडून तिने एक पान वाचलं, मिटलं, आणि हात पुढे केला. "चावी."

"कोठी चालली?"

"पवनीले. मामी येऊन राह्यली माह्यासोबत, तिले मेंदी आनाची हाय. तुमी दोघं जेवून घ्या."

"कोणतं टाकणार?" दोघांनी एकदम विचारलं.

डिंपलने दोघांना खाली उतरवलं आणि स्वतः चालवायला बसली. भैयाजीची बायको रुखमिणी मागे बसली, गाडी खडखडत निघून गेली, आणि सासरा-जावई उन्हात उभे राहिले. मग एकाने दुसऱ्याला "चला जी" म्हटलं. कोणी म्हटलं ते नीट आठवत नाही, कारण नंतर दोघांनीही आपणच म्हटलं असं सांगितलं. ते पुन्हा पंगतीला बसले. भैयाजीने बिचाऱ्याने काही न समजून दोघांनाही दुप्पट वाढलं. जेवण झाल्यावर भोजराजजींनी स्वतः भैयाजीजवळ जाऊन, "तो मळ नव्हता बाप्पा, माहीच चूक होती, जीप मीच दुरुस्त करून देतो," असं सांगितलं. भैयाजी म्हणाला, "जाऊ द्या जी, घमेल्याची सवय झाली आता." पण दुसऱ्या आठवड्यात जीप मिस्त्रीकडे पाठवताना भाऊजींनी दुरुस्त करून देतो म्हटलेलं तो विसरला नव्हता.

उन्हं कलताना डिंपल परतली. मेंदी आली होती, ऑइल बदललं होतं, सोबत दोघींनी पवनीत उसाचा रसही घेतला होता. काय टाकलं ते मात्र ती सांगेना. रुखमिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "मी रस पेत होती."

परतीच्या वाटेवर गाडी मंगेशरावच चालवत होते. इंजिन खरोखर शांत होतं.

"सिंथेटिक आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "आवाजावरनं कळते."

"साधं हाय," भोजराजजी म्हणाले. "साधं ताजं असलं का असंच चालते."

"बाबा, पुस्तकात काय लिहिलं होतं?"

"तुमी पाह्यलं असंल."

"मी नाही पाहिलं. तुम्ही?"

"नाई."

मागे डिंपल खिडकीला डोकं टेकून झोपली होती, निदान तसं दिसत होतं. अड्याळ गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या शेतांच्या बांध्या उन्हात भेगाळून पडल्या होत्या. 

"बाबा, आता खरं सांगा," मंगेशराव अचानक म्हणाले. "मी मागच्या महिन्यात कुरिअरने ओट्स पाठवले होते. तुमच्या कोलेस्टेरॉलसाठी. ते तरी खाता ना?"

भोजराजजींनी तोंड उघडलं. गेल्या सहा महिन्यांची सवय जिभेवर तयारच होती, ओट्सने पोट कसं हलकं राहतं, जिना चढताना कसं कोणी मागून ढकलल्यासारखं वाटतं. त्यांनी तोंड मिटलं, आणि मग पुन्हा उघडलं.

"एक दिवस खाल्ले जी. दुसऱ्या दिवशी नाई जमलं."

"मग?"

"वासरू खाते," मागून लीलाबाई म्हणाल्या. "लय आवडीनं खाते. आनखी पाठवा."